काटा

बाजाराच्या रांगेत नाही, उभ्या गाडीत नाही.
सिथौली सोडली, सत्तरच्या वर गेलो
की काटा चढतो.

नाका चंद्रबदनीचे ओझाजी विचारतात
तसं डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत:
केव्हा? चढावर की सपाटीला? एसी होता?
पाणी किती दिवसांनी किती कमी होतं?
सकाळचा पहिला धूर पांढरा?

मी वही उघडतो. पेट्रोलच्या हिशेबामागे लिहिलंय:
मंगळवार, टेकनपूर, काटा पाऊण. हीटर लावला. उतरला.

हीटर? ग्वाल्हेरात? मे महिन्यात?
हो. चारी काचा खाली, बाहेर लू, आत हीटर.
इंजिनाचा ताप थोडा आपल्या पायांवर घ्यायचा,
एवढंच त्यातलं शास्त्र.
ओझाजी पहिल्यांदाच मान वर करून बघतात.
"बैठिए," म्हणतात.
इतका वेळ मी उभाच होतो.

मग एकेकाची झडती.
झाकणाचं रबर कडक झालंय, पण चोर ते नव्हे.
ऑइलची कांडी बोटांत पुसली: काळं. दुधाळ नाही.
"हेड बच गया."
थर्मोस्टॅट चहाच्याच पातेल्यात उकळला,
ओझाजी, मी आणि पाना धरलेला पोऱ्या बंटी
तिघं वाकून.
जांभई द्यावी तसा उघडला. वेळेवर.
पंखा फिरतो. पंप कोरडा.

शेवटी रेडिएटरवर तळहात. वरून खाली, हळूहळू,
तापलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.
वर चटका. मध्ये कोमट.
डाव्या कोपऱ्यात, खाली, गार.
"यहाँ पानी पहुँचता ही नहीं."

उतरवला, उलटा केला, नळी लावली.
आधी गंज.
मग बोअरच्या पाण्याच्या खपल्या.
मग पिवळं.

पिवळा गाळ, नखांत राहील असा,
वास कधीच उडालेला.
"हल्दी," ओझाजी म्हणाले.
"किस महापुरुष ने डाली?"

दतियाच्या अलीकडे, नऊ वर्षांपूर्वी, सकाळचे दहा.
दादाची उष्टी हळद झाशीला पोचवायची होती.
मागच्या सीटवर शकूआत्या, मांडीवर तबक,
तबकात रुमालाखाली वाटी,
आणि बॉनेटमधून वाफ.
टपरीवाला म्हणाला, गळतीला हळद टाका, बसते.
त्याच्याकडे पान होतं, चुना होता, हळद नव्हती.
शकूआत्याने चष्मा काढला,
पदराने पुसत बसली,
पुसतच बसली, शेताकडे तोंड करून.
मी निम्मी वाटी ओतली.

गळती बसली. मुहूर्त गाठला.
वहिनीच्या आईने रुमाल उचलला: "एवढीशीच?"
"आमच्याकडे अशीच पद्धत आहे,"
आत्या म्हणाली. इतक्या ठासून
की पुढे धाकट्या चुलतभावाच्या लग्नातही
आमच्याकडून एवढीशीच गेली.

दादा-वहिनी आता नागपुरात असतात.
चाललंय. फोनवर दोघं एकदम बोलतात,
मला कुणाचंच नीट ऐकू येत नाही.
जाताना गाडी मला देऊन गेले.
शकूआत्या गेल्या माघात गेली.
दोघांचं गुपित होतं ते,
आता एकट्याने धरायला जरा जड जातं.

"पुराने मालिक ने डाली होगी," मी म्हणालो.
ओझाजींनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"जिसने भी डाली, चलाई बहुत उसने."

नळ्यांत सळ्या घातल्या, नवं झाकण, हिरवं कूलंट.
रस्त्याकडेच्या नालीकडे पिवळा ओघळ निघाला,
बंटीने त्यावरून उडी मारली
आणि परत मारली, उगीच.

विक्की फॅक्टरी गेली. सिथौली गेली.
ऐंशी. काटा मधोमध.
डावा हात तरीही
हीटरच्या कळीवर.